सात नंबरचा स्विच

२४ नोव्हेंबर, सोमवार

१. जागा क्र. ७ (हेर ब्रांडेस) आणि जागा क्र. ८ (मी आणि बाबा) यांची वीज एकाच मीटरपेटीतून येते. पेटीला कुलूप नाही. आत प्रत्येकाचं वेगळं मीटर, मीटरखाली स्विच.

२. बुधवार १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६ : हेर ब्रांडेस मुलीकडे गेले. वीज चालू ठेवून.

३. गुरुवार २०, सकाळी ७:३५ : मी आणि बाबा मावसभाऊ विपुलकडे कायझर्सलाउटर्नला निघालो. निघताना बाबांनी आमचा स्विच बंद केला. मी गाडीत होते.

४. गुरुवारी रात्री उणे ४. शुक्रवारी रात्री उणे ७.

५. शनिवार २२, दुपारी ४ : हेर ब्रांडेस परतले. सात नंबरचा स्विच बंद. कॅरॅव्हॅनपुढच्या तंबूतला हीटर थंड. फ्यूशियाच्या फुलझाडांच्या अडतीस कुंड्या मेल्या. स्विच त्यांनी स्वतः चालू केला.

६. त्यांचं म्हणणं : मालकिणीनं वीज तोडली. मालकिणीचं म्हणणं : यांनी स्वतःच तोडली, मला बदनाम करायला.

७. रविवार संध्याकाळी आम्ही परतलो.

स्विच कसा बंद झाला, हे फ्राउ लॅम्केंना लेखी हवंय. मालकीण त्याच. बावीस कॅरॅव्हॅन, एक तळं, एक न्हाणीघर, एवढा त्यांचा कारभार. ऑक्टोबरपासून त्यांनी विजेचा दर युनिटला पंच्याऐंशी सेंट केला. ब्रांडेस जुन्याच दरानं पैसे देतात. तेव्हापासून दोघं एकमेकांना ‘गुटन मॉर्गन’सुद्धा म्हणत नाहीत.

दोघांनीही मलाच विचारलं! कारण मी वोल्फ्सबुर्गला बॅटऱ्यांच्या चाचण्या घेते. “तुमचं कामच मोजायचं,” इति लॅम्के. “आल्झो, तुम्ही त्रयस्थ,” इति ब्रांडेस.

नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. नव्या घराची किल्ली १५ डिसेंबरला. बाबांचं परतीचं विमान १२ ला. तोवर झोपायला हीच जागा आहे, आणि तीही लॅम्केंच्या मेहेरबानीवर, कारण हिवाळ्यात त्या नवीन माणूस ठेवत नाहीत. बाबांना सांगितलंय की ही सुट्टी आहे. कॅरॅव्हॅनमधली सुट्टी. त्यांना पटलेलं दिसतंय. किंवा दिसू देत नाहीत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसातून लवकर निघाले. ब्रांडेसच्या तंबूत तासभर. कुजक्या पालेभाजीसारखा वास. सगळी पानं काळी, लोंबलेली. त्यांनी एक कुंडी उचलली, परत ठेवली. दुसरी उचलली, परत ठेवली.

मग वही दाखवली. आठ वर्षांची! रोज सकाळी सातला मीटर, बाजूला तारीख, हवामान. बाहेर जाताना एक जास्तीची नोंद. बुधवार, १८:०० : ४४१७.२. शनिवार, १६:०० : ४४२५.३.

“थर्मोस्टॅट बिघडलाय,” म्हणाले. “हीटर थांबतच नाही. म्हणून तर बिल एवढं. पंच्याऐंशी सेंट! वीज आहे की अत्तर?”

हीटर आणि फ्रिज मिळून सरासरी ०.६ किलोवॅट. माझ्या मीटरनं मोजलं. फरक ८.१ युनिट. भागिले ०.६. साडेतेरा तास.

बुधवार संध्याकाळी सहानंतर साडेतेरा तास म्हणजे गुरुवार सकाळ ७:३०.

चूक धरली तर वीस मिनिटं इकडे-तिकडे. फ्रिजची सरासरी तीन वेळा घेतली. आकडा हलत नाही.

आम्ही ७:३५ ला निघालो. लॅम्के नऊच्या आत कधी येत नाहीत. शनिवार-रविवार सोडले तर इथे दुसरं कोणी नसतं.

जाताना ब्रांडेसनी विचारलं, “काही निघालं?”

“अजून बघतेय.”

“बघा. तुमच्यावर भरवसा आहे.”

२६ नोव्हेंबर, बुधवार

अहवाल दिला. एक पान. शेवटची दोन वाक्यं : ‘स्विच कोणी बंद केला हे उपलब्ध नोंदींवरून ठरवता येत नाही. पेटीत बिघाड नाही.’

वाक्यं बरोबर आहेत. नोंदीत माणसाचं नाव नसतं.

वेळ लिहिली नाही. विचारली नव्हती.

बाबांना काही विचारलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर लक्ष नाही. एक चाचणी दोनदा लावली. दुपारी जेवायच्या सुट्टीत पार्किंगमध्ये सहा फेऱ्या मारल्या. ऑफिसातला कपिल म्हणाला, “काय गं, स्टेप्स पूर्ण करतेस?” हो म्हटलं.

परत आले तर बाबा ब्रांडेसबरोबर मेलेल्या कुंड्या ढकलगाडीतून कचऱ्याच्या ढिगावर नेत होते! माझं जुनं जॅकेट, कानटोपी, पायात ब्रांडेसचे रबरी बूट. दोघांना कळेल अशी भाषा शून्य. तरी गप्पा चालू. ब्रांडेस त्यांना ‘कोलेगऽ’ म्हणतात, म्हणजे सहकारी. बाबांनी पहिल्याच आठवड्यात खांबावर चढण्याचा अभिनय करून दाखवला होता : पट्टा, पक्कड, तार. चौतीस वर्षं लाइनमन, अकोला. ते ब्रांडेसना लगेच कळलं. ब्रांडेस स्वतः तरुणपणी वायरमन. नंतर पंचवीस वर्षं कारखान्यात.

“झाडं काऊन फेकून राहिला गं तो?” बाबांनी मला विचारलं.

“थंडीनं मेली.”

“मग घरात नाही घ्याची?”

मी पाण्याचे कॅन भरायला गेले. दोन्ही भरलेलेच होते.

त्याच दिवशी, नंतर

मीटरपेटीशी जाऊन आले. तिसऱ्यांदा. स्विच वर आहे. तो वरच असणार! मी काय बघायला जाते?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

फ्राउ लॅम्केंनी ब्रांडेसना क्युंडिगुंग दिली. ३१ डिसेंबरपर्यंत जागा खाली करा. कारण : मालकिणीवर खोटा आरोप. सोबत पुरावा : माझा अहवाल. ‘पेटीत बिघाड नाही’ या शब्दांखाली पिवळी रेघ.

सतरा वर्षांची जागा. गावातली खोली त्यांनी तीन वर्षांपूर्वी सोडली. दुसरं घर नाही. मुलीकडे दोन खोल्या आणि तीन नातवंडं.

लॅम्के मला न्हाणीघरापाशी भेटल्या. खूश. “गेनाऊ असंच लिहायला हवं होतं! कोरडं, मुद्देसूद. १५ तारखेनंतरही राहायचं असेल तर रहा हं. तुमच्या वडिलांना इथे आवडतंय असं दिसतं.”

मी थँक्यू म्हटलं.

थँक्यू!

२९ नोव्हेंबर, शनिवार

पोहे केले होते. बाबा खिडकीतून बघत होते. ब्रांडेस तंबूचे खांब मोजत होते, फूटपट्टी घेऊन. सामान हलवायचं तर टेम्पो केवढा लागेल, ते.

“कुठे चालला तो?”

सांगितलं. जागा काढून घेतली, विजेच्या भांडणावरून.

बाबा बराच वेळ बशीतले शेंगदाणे बाजूला करत राहिले. मग म्हणाले, “बिलावरून ना? मला त्यानं चिखलात काडीनं लिहून दाखवलं होतं, पंच्याऐंशी. मी हिशेब केला. पंच्याऐंशी रुपये युनिट! बाप्पा! म्हणून तर त्या दिवशी निघताना पाहिलं, माणूस घरात नाही अन् मीटर पळून राहिलं. विसरला असंन. आपला पाडला तसा त्याचाही पाडून दिला. म्हटलं, चार दिवसाचं बिल वाचंन बिचाऱ्याचं. आल्यावर चालू करून देणार होतो. आलो तर त्यानं केलेलंच होतं.”

साधं. चहात साखर घातली, असं सांगावं तसं.

घरी आम्ही दोन दिवस गावाला गेलो तरी गॅस, नळ, मेन, या क्रमानं बंद व्हायचं. शेजारच्या काकू विसरल्या तर बाबा त्यांचाही मेन पाडायचे. काकू परत आल्या की डबाभर चिवडा यायचा. रिकामं घर तापवतात, तेही झाडांसाठी, हे त्यांना कोण सांगणार? अकोल्यात उणे सात कुठून येणार!

मी सांगितलं. हीटर कशासाठी होता ते. कुंड्या कशानं मेल्या ते.

बशी खाली ठेवली त्यांनी.  मग, “अडतीस?”

“हो.”

“काल मी त्याच्याच संगं फेकल्या.”

“परवा.”

“परवा.” मग माझ्याकडे न बघता, “तुला लिहून मागितलं होतं ना यांनी? काय लिहिलं?”

अहवाल मोबाइलवर होता. वाचून दाखवला, मराठीत करून. शेवट ऐकून म्हणाले, “परत वाच.”

परत वाचलं.

“सही केली?”

“हो.”

“चौतीस वर्षं लाइनवर काढली पोरी. लाइन बंद करायची तर आधी परमिट. कोणी बंद केली, किती वाजता, सही. चालू करायची तर त्याच माणसानं. दुसऱ्यानं नाव खोडलं की वर चढलेला माणूस जाते. आमचा एक गेला. बंद मी केली. तिथं माझं नाव पाहिजे. ‘ठरवता येत नाही’ काऊन लिहिलं?”

मी म्हटलं, मला नक्की माहीत नव्हतं. म्हटलं, आपल्याला इथून काढलं तर पंधरा दिवस कुठे राहणार? हॉटेल परवडणार नाही, नवं घर मिळालेलं नाही, ही सुट्टी नाहीच आहे, बाबा!

“ते मला पहिल्याच दिवशी समजलं,” ते म्हणाले. “सुट्टीवर कोणी इस्त्री घेऊन येते का?”

मग उठले, कानटोपी घातली, सात नंबरकडे गेले. मी दारातून पाहिलं. ब्रांडेसना हाताला धरून पेटीपाशी नेलं. झाकण उघडलं. स्विचला हात न लावता वरून खाली बोट केलं. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

ब्रांडेस तंबूत गेले. चेन लावून घेतली.

बाबा थंडीत उभेच राहिले. मी बोलावलं नाही. 

३० नोव्हेंबर, रविवार

सात नंबरची चेन अजून लावलेलीच. बाबा जेवले नाहीत. मी चार वेळा पत्र लिहिलं, चार वेळा फाडलं. चारही पत्रांत एक गोष्ट नव्हती. ती या वहीतही नाही.

१ डिसेंबर, सोमवार

पत्र दिलं. एक प्रत फ्राउ लॅम्केंना, एक हेर ब्रांडेसना. जर्मनमध्ये. इथे मराठीत उतरवते.

‘२६ नोव्हेंबरचा माझा अहवाल मी मागे घेत आहे. त्यात दोन मुद्दे नव्हते.

१. गुरुवार, २० नोव्हेंबर रोजी सकाळी ७:३० च्या सुमारास जागा क्र. ७ चा स्विच माझे वडील रामदास तायडे यांनी बंद केला. शेजाऱ्याचं बिल वाचावं म्हणून. हीटर कशासाठी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. खाली त्यांची सही आहे.

२. त्या वेळी मी गाडीत होते. काच खाली होती. स्विच पडल्याचा आवाज मी दोनदा ऐकला. आमचा स्विच एकच आहे. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण उशीर झाला होता. अहवाल लिहिताना मला हे आठवत होतं. हिशेब केला तेव्हाही आठवत होतं. तो केलाच आकडा दुसरा निघावा म्हणून.

हेर ब्रांडेस यांचा दोष नाही. फ्राउ लॅम्के यांचाही नाही. जागा क्र. ८ आम्ही सांगाल तेव्हा सोडू.

क्र. ७ ची क्युंडिगुंग मागे घेत आहात की नाही, हे कृपया शुक्रवार, ५ डिसेंबरपर्यंत लेखी कळवावं.’