यंत्रास ग्रँडमास्टर किताब देण्यापूर्वी उंटाचा निकाल लावण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब,
किताब निर्णय समिती,
बुद्धिबळ महासंघ कार्यालय, दुसरा मजला.

विषय : यंत्रास ग्रँडमास्टर किताब देण्यास हरकत, व माझ्या नातीचा डाव पुन्हा तपासणेबाबत.
संदर्भ : सोमवारच्या बैठकीची आपल्या फलकावरील सूचना.

महोदय,

वरील विषयी अर्ज करते की, मी चौथी पास आहे, तरी अर्ज माझा मीच लिहिते आहे. अक्षर वाकडे आहे, मुद्दा सरळ आहे.

१) माझी नात बुद्धिबळ खेळते. ग्रँडमास्टर व्हायला तिची एकच स्पर्धा राहिली होती, आणि तीत शेवटच्या डावात बरोबरीही पुरली असती. समोर माणूस नव्हता, एका कंपनीचे यंत्र होते. यंत्र पडद्यावर चाल दाखवी आणि कंपनीचा टायवाला गृहस्थ पटावर मोहरे हलवी. ऐन मोक्याला टायवाल्याने काळा उंट उचलला, पडद्याकडे पाहिले, जीभ चावली, उंट जागी ठेवला आणि घोडा चालवला. नात म्हणाली, "काका, उंटाला हात लावलात, आता उंटच चालवा." उंट हलला असता तर मागचा वजीर फुकट पडत होता. हात लावलेले मोहरेच चालवायचे, हा नियम आमच्या गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

२) पंचसाहेब म्हणाले, "खेळाडू यंत्र आहे. यंत्राने कुठे हात लावला?" नातीने पुढची चाल केली आणि हरली. आता तीच कंपनी म्हणते, डाव आमच्या यंत्राने जिंकला, त्याला किताब द्या. साहेब, जिंकताना हात आपला आणि चुकताना परका, हा कुठला न्याय? टायवाला यंत्राचा हात असेल तर उंट चालवा व नातीचे नातीला द्या. नसेल, तर तिच्यासमोर टायवालाच खेळला. द्या मग त्यालाच किताब! घोडा कसा चालतो हेही तो पडद्याला विचारतो.

३) यंत्र चांगले खेळते, हे नात स्वतः कबूल करते. मीही नाही म्हणत नाही. माझे शिवणयंत्र माझ्यापेक्षा सरळ टाका घालते. त्याला अजून कुणी शिंपी म्हणून सत्काराला बोलावलेले नाही. आणि यंत्र तापू नये म्हणून पंखा त्याच्याकडे वळवला होता. माझी पोर घामाघूम होऊन बसली होती, ती कुणाला दिसली नाही.

४) तेव्हापासून ती मोहरे मांडते आणि एकही चाल न करता उठते. माझा मुलगा म्हणतो, "आई, यंत्राशी कुठे डोकं लावतेस?" म्हटलं, "यंत्राशी नाही रे बाबा, त्याच्या आड लपलेल्यांशी." यंत्राला किताब द्यायचाच असेल तर हरल्यावर त्याच्या घशाखाली घास उतरतो का, ते आधी तपासावे. ताट वाढून मी समोर बसायला तयार आहे.

५) नातीला हा अर्ज माहीत नाही. कळला तर ती माझ्याशी बोलायची नाही. हरले ते हरले, असे तिचे म्हणणे. हा ताठा तिने माझ्याकडूनच घेतला आहे. सोमवारी काहीतरी सबब सांगून तिला घेऊन येते. निकाल कसाही लागो, टपालाने कळवू नये. तिला समोर बसवून, तिच्याकडे बघून सांगावा. पंचांनी त्या दिवशी तो पडद्याकडे बघून सांगितला होता.

सोमवारपर्यंत आपली नम्र,

खेळाडूची आजी
(घरीदारी सगळे मोठीआई म्हणतात)
शुक्रवार, दि. १२