चंचलला भाव झालेत म्हणे

धुळे, ४ ऑगस्ट १९६८

एप्रिलनंतर या वहीत एक अक्षर नाही. माफी. कारण मोठं नाही – आळस, आणि लिहिण्याजोगं काही घडतच नाही अशी स्वतःशी केलेली लबाडी.

वाचनालयातून एक इंग्रजी पुस्तक आणलंय, मुलांच्या खेळांवर. पुण्याला बी.ए.ला असताना असलं वाचायचो. आता कापडाच्या दुकानात गादीवर बसून वाचतो, गिऱ्हाईक नसताना. लेखक म्हणतो – सोंग आणणारं मूल खोटं बोलत नसतं. सदरा अंगाला लावून पाहावा तसं ते एकेक आयुष्य लावून पाहत असतं. हसू नका. थांबवू नका. बोलावलं तर खेळात जा.

या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. पुस्तक वाचनालयाचं! मग खोडली. पुसट राहिलीच.

६ ऑगस्ट

घरी आलो तर मधल्या खोलीत चंचल महासतीजी झालेली. चातुर्मासासाठी जैन स्थानकात साध्वी उतरल्या आहेत, त्यांचंच सोंग. माझं पांढरं धोतर अंगभर. रुमालाच्या घड्या घालून, दोरा ओवून तोंडावर मुखपत्ती. फुटपट्टीला लोकर बांधून ओघा, साध्वींचा तो लोकरी झाडू. भातुकलीच्या वाट्या, ती गोचरीची, भिक्षेची पात्रं. माझी पोर बारा वर्षांची, पण चाल अशी की पाऊल टाकण्याआधी जमीन बघावी!

तिचा भाऊ अभय सात वर्षांचा. तो श्रावक. "पधारो महासतीजी, गुळाची पोळी आहे!"

"जवळ दिवा पेटलेला नाही ना? विस्तवाजवळचं आम्हाला चालत नाही."

"दिवा नाही. पण खरं सांगू? पोळीपण नाही."

मी हसणार होतो. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "श्रावकजी, वंदना नाही केली?"

पुस्तक आठवलं. गुडघे टेकले, हात जोडले. "मत्थएण वंदामि."

"दया पालो," ती म्हणाली. हसली नाही.

वर पाहिलं तर दारात माझी मां उभी. तिचे डोळे भरलेले.

७ ऑगस्ट

काल जे केलं ते योग्यच. असं वाटतंय.

११ ऑगस्ट

मां स्थानकात सांगून आली. आज चार बायका घरी. "चंचलला भाव झालेत म्हणे!"

मी दिवसभर दुकानात भाव सांगतो, मांजरपाटाचा, छिटाचा. हा भाव वेगळा. हा दीक्षेचा. यात घासाघीस नाही.

बायका गेल्यावर मांला म्हणालो, "अगं, खेळ होता तो."

"महासतीजींचा खेळ? आणि तू त्यात सामील?"

"मुलं काहीही होतात. परवा अभय पोस्टमन झाला होता."

"त्याच्या पाया पडलास का?"

सोंग म्हणावं तर वंदनेची थट्टा केली. खरं म्हणावं तर मुलगी गेली.

कुसुमलताला विचारलं – तू आई आहेस, तुझं मत काय? "माझं मत कशाला हवंय," म्हणाली आणि डाळ निवडत राहिली. सोळा वर्षांच्या संसारात बायकोचं मत मी किती वेळा विचारलं, हेही आज मोजता आलं असतं. मोजलं नाही.

१५ ऑगस्ट

जळगावहून थोरल्या भावाचं, गौतमचंददादांचं, कार्ड. "अनुमोदना करतो. लेखी आज्ञा बापाची लागते, ती तयार ठेव. घाई नाही, पण उशीरही नको." अक्षर नेहमीसारखं सुरेख.

राग आला. मग रागाची लाज.

१९ ऑगस्ट

संध्याकाळी दुकानातून आलो तर भांडी घासणारी धुरपदाबाई दारातच. "भाऊ, पोर जेवनी नही. दिवस बुडना म्हने. बठ्ठं ताट तसंच शे. पोरले असं उपाशी ठेवतस का कोनी?"

चंचल गणितं सोडवत होती. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा साध्वींचा नियम तिने उचललेला.

"भूक नाही?"

"आहे."

"मग?"

"मग काय. राहते की."

अशा सुरात, जशी चाळिशीची बाई बोलावी! हा सूर हिने कुठून आणला?

माझा विरोध नक्की कशाला आहे? तिला कळत नाही म्हणून? सतराव्या वर्षी तिचं लग्न ठरवताना, तिला कळतं का, हे विचारलं असतं मी? आणि मी बावीस वर्षांचा असताना वडिलांचं एक पत्र आलं. पुणं सोडून या गादीवर येऊन बसलो. तेव्हा मला काय कळत होतं? मुलगी माझी म्हणून नाही म्हणतोय, की मुलीसाठी नाही म्हणतोय? दोन्ही एकच वाटतात. एकच नसणार.

२३ ऑगस्ट

पर्युषणाचा तिसरा दिवस. दुपारच्या पानावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं – "मी आज्ञा देणार नाही."

मां ताटावरून उठली. "देवाच्या वाटेत आडवा पडतोस!" चंचलने मान खाली घातली.

कुसुमचा वाढता हात थांबला. "कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही!"

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. तिलाही माझाच राग आलेला दिसतो. या घरात मी एकटा.

२५ ऑगस्ट

पुस्तक परत करायचं म्हणून चाळलं. रेघेच्या पुढच्याच पानावर – खेळात जा, पण मोठ्यांची गर्दी जमू देऊ नका. बघणारे जमले की मुलाला परत येता येत नाही. हे पान मी वाचलंच नव्हतं! रेघ मारण्यात, खोडण्यात गुंतलो होतो.

शिकलेला माणूस म्हणे.

२८ ऑगस्ट. संवत्सरी.

सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागितली. मांने माझी, मी मांची. आवाज दोघांचेही कोरडे.

चंचलपुढे हात जोडले. "कशाबद्दल, बाबूजी?" दरवर्षी कोणी विचारत नाही, हेच बरं असतं.

कुसुमनेही हात जोडले. उपवासाने चेहरा उतरलेला. हात बराच वेळ जोडलेलेच. मीच म्हणालो, "बरं, बरं. झालं."

३० ऑगस्ट

शाळा सुटल्यावर चंचलला पांझरेच्या पुलावर गाठलं. सरळ विचारलं, "तुला दीक्षा घ्यायचीय?"

"मला?" ती हसायलाच लागली. "मला नाही!"

"मग ते महासतीजी होणं?"

"मी महासतीजी नव्हतेच होत, बाबूजी. मी आई होत होते."

तिने सांगितलं ते असं – मी दुकानात, मां निजलेली, तेव्हा कुसुम पांढरं नेसते. बोटांना राख लावते आणि डोक्यावरचे केस उपटते. रोज थोडे. साध्वी उपटतात तसे. रडत नाही. सवय झाली पाहिजे, म्हणते.

"तुम्हाला सांगू नको म्हणाली. नवऱ्याची आज्ञा लागते, आणि तुम्ही ती देणार नाही म्हणून."

मांसमोर कुसुमचा पदर कपाळाखाली असतो. तिचं उघडं डोकं शेवटचं कधी पाहिलं, मला आठवत नाही.

उद्या – दुपारी दुकान सोडून घरी यायचं.