टपावरची गाठ

बाबा,

मी तारकर्लीला निघाले. तुम्ही झोपेचं सोंग घेतलं होतंत, म्हणून उठवलं नाही. बीपीची गोळी चपातीच्या डब्यावर ठेवलीये, विसरू नका.

मी नोकरी सोडल्यापासून तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. पण काल मी व्हॅनच्या टपावर कयाक होडी पट्ट्यांनी बांधली होती, आणि आज सकाळी बघते तर वरून तुमचा जुना दोर करकचून आवळलेला, होडीच्या मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं! तीस वर्षं उल्हासनगरचं फर्निचर टेम्पोवर बांधणाऱ्या माणसाची गाठ मी ओळखते.

फक्त ती सोडायची कशी, ते मला येत नाही. पोचले की व्हिडिओ कॉल करते, उचला. गाठ सुटेपर्यंत तरी बोलावंच लागेल.

सोनिया