नेलिदाचा जीव कुठून बोलवायचा

हर्मेलिंदा, नेलिदाच्या अंगावरची शाल धुऊ नकोस, असं बजावून आले होते, आणि तू ती साबणाने धुऊन मोकळी झालीस. आता तिच्या हरवलेल्या जीवाने परत यायचं ते कुठल्या वासावर?

असो. धाकटीला थोरलीचा आशीर्वाद. लिमात मी आणि नेलिदा, दोघी बऱ्या आहोत. नातीने काल दोन वाट्या सूप संपवलं. शेजारचं दार आपटलं तेव्हा तिसरी सांडली, पण ते सोड. तुझा गुडघा कसा आहे?

डॉक्टरीणबाई म्हणते, माणूस घाबरलं की अंगात एक रस सुटतो आणि भीती सरली की ओसरतो. हिचा वर्षानुवर्षं ओसरलाच नाही. त्याने मेंदूतला घाबरणारा भाग शेफारला आणि समजूत घालणारा थकला.

मी म्हटलं, "बाई, यालाच आम्ही जीव हरवला म्हणतो. जिथे घाबरली तिथे शाल नेऊन हाक मारतो."

"मारा की आजी, पण गोळ्याही द्या. कुठे घाबरली होती?"

मला सांगता येईना. ओढ्यात पडली असती, तर तुला ओढ्यावर धाडलं असतं. पोरीलाच विचारलं.

"बाबा घरी यायचे तेव्हा," म्हणाली.

म्हणजे रोज. दारात, चुलीपाशी, मक्याच्या कणगीमागे. एवढ्या जागांवरून एक जीव कसा गोळा करायचा, मला काही उमगत नाही.

हे पत्र तिच्या बापाला, माझ्या तेओफिलोला, वाचून दाखव. उत्तर त्यानेच लिहायचं, तू नाही. सगळ्या जागा लिहायच्या, एकही गाळायची नाही.

माक्सिमा