गालावरची रेघ

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण आर्णीत लोक अजून तुमच्या प्रामाणिकपणाची गोष्ट सांगतात. घड्याळात सेल टाकायला आलेला माणूसही ती मलाच ऐकवून जातो. मी मान हलवते. त्या दिवशी चहा घेऊन मी दारातच उभी होते, हे त्यांना ठाऊक नसतं.

नाणी पाहायला मला तुम्हीच शिकवलं. दुकान बंद असलं की दुपारी तुम्ही डबी उघडायचे, नाणं कडेनं धरून उजेडात हळूहळू कलतं करायचे. "चमक कशी फिरते पाह्य. मधात तुटली, तर समज लोकायच्या हातातून गेलं." तुटली नाही, तर नाणं कोरं. मग त्यावरच्या खुणा. टांकसाळीतून निघालेली नाणी एकाच थैलीत पडतात, एकमेकांवर आपटतात, म्हणून कोऱ्या नाण्यालाही टोचे असतात. तो दोष नाही, फक्त प्रत उतरते. नाण्यावरच्या राजाच्या दाढीत, केसांत टोचा असला तर लपतो. गालावर किंवा मोकळ्या जागेत असला की डोळा आधी तिथंच जातो. कपड्यानं पुसल्याच्या बारीक रेघा मात्र सगळ्यात वाईट. हे सगळं मी दहा वर्षांची असताना पाठ केलं, कारण तेवढ्या वेळेपुरतेच तुम्ही माझ्याशी बोलायचे.

भाव नाही म्हणून घरोघरी कापूस पडून होता ती वर्षं. गावात पैसाच फिरत नव्हता, तर घड्याळ दुरुस्त करायला कोण येणार? मला यवतमाळला नर्सिंगला जागा मिळाली होती. आई तुमच्या मागे लागली आणि तुम्ही डबीतला पंचम जॉर्जचा कोरा रुपया विकायला तयार झाले. नाणी विकत घेणारा नागपूरचा माणूस आला. भिंग लावून त्यानं नाणं दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि आकडा सांगितला. फी भरून वर माझ्या खोलीचं भाडं निघालं असतं. आई माझा दंड घट्ट धरते. तेवढ्यात तुम्ही म्हणता, "थांबा. असं कलतं करा. गालावर पाहा, डोळ्याच्या खाली. रेघ आहे."

तो परत वाकला. "अरे! हे तर मला दिसलंच नाही. तुमच्यासारखी नजर नागपुरात नाही हो."

आणि तुम्ही हसले. बाबा, मी ते हसू पाहिलं. त्यानं आकडा निम्मा केला आणि तुम्ही रुपया देऊन टाकला.

"कायले बोलले तुम्ही?" तो गेल्यावर आईनं विचारलं. "पोरीची जागा गेली."

"तो फसला असता, तर मी चोर ठरलो असतो," तुम्ही म्हणाले. आई त्यानंतर कितीतरी दिवस तुमचं ताट वाढून निघून जायची. मला वाटतं, तुम्हाला चोरीची भीती नव्हतीच. त्याच्या नजरेतून सुटलेलं तुम्हाला दिसलं, हे त्याला कळायला हवं होतं. त्यासाठी तुम्ही माझी जागा खर्ची घातली. तुमच्या शेवटच्या आजारात मी विचारलं होतं, "बाबा, तवा तुम्ही हसले काहून?" तुम्ही म्हणाले, "मी कुठं हसलो?" तुम्हाला खरंच आठवत नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

आता दुकानात मी बसते. घड्याळांपेक्षा मोबाइलची कव्हरं जास्त खपतात, आणि अधूनमधून एखादं नाणं. मागच्या आठवड्यात नेरचे एक निवृत्त मास्तर आले होते. मी त्यांच्यापुढे एक रुपया ठेवला, कोरा म्हणून. कुणीतरी तो कपड्यानं पुसलेला आहे. कलता केला तर रेघाच रेघा दिसतात. मी तो काचेवर सपाट ठेवला. मास्तरांनी खिशातून भिंग काढलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही घड्याळवाल्या काकांच्या कन्या ना?"

"हो," मी म्हणाले.

"मग पाहायचं काय," म्हणत त्यांनी भिंग परत खिशात घातलं. मी नाणं कागदात गुंडाळून दिलं.

बाबा, अशी ही तिसरी वेळ. आईलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगितलं नसतं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणूनच लिहू शकले.