न दिसणारं पॉलिश

सोमवार, ४ मार्च

टेबल झालं! म्हणजे पाय, फळी, सगळं. फक्त वरचं पॉलिश राहिलंय. मामाने डबे माझ्यापुढे सरकवले – "कुठलं लावायचं ते तूच ठरव, भिंगरे."

"मी?"

"मग काय टेबल ठरवणार?"

आता गंमत गेली. बाबांनी झेरॉक्सच्या दुकानात माझी नोकरी बघून ठेवलीय, पुढच्या महिन्यापासून. मामाने इथे, त्याच्या फर्निचरच्या कारखान्यात ठेवून घेतलं तर तिकडे जावं लागणार नाही. तो तसं बोललेला नाही, पण एवढं मोठं टेबल कुणी उगाच धरसोड पोरीच्या हवाली करत नाही. ही परीक्षा आहे. टेबल धड गेलं तर मी इथे. नाहीतर दिवसभर लोकांचे कागद उलटेपालटे करत बसायचं.

मंगळवार, ५

टेबल ज्यांचं, ते आले होते – निवृत्त बसड्रायव्हर काका आणि काकू.

काका म्हणाले, "लाकूड असंच फिकट राहू दे. वर काही लावलंय असं वाटता कामा नये."

काकू म्हणाल्या, "पण चहाचा कप ठेवला, नातवाने पाणी सांडलं, तरी डाग पडता कामा नये."

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. जसं काही हे भांडण मीच लावलं.

ते गेल्यावर मामी म्हणाली, "म्हणजे यांना सून हवीय. घरात असावी, दिसू नये, आणि सगळं सोसावं."

बुधवार, ६

टेबलाच्याच उरलेल्या फळीचे पाच तुकडे केले. एकाला तेल, एकाला मेण, एकाला चपडा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, एकाला वॉर्निश. पाचव्याला ते नवीन, पाण्यातलं – डब्यात दुधासारखं दिसतं, वाळलं की गायब.

मध्येच समोरच्या इमारतीत दोरखंडाने पियानो वर चढवत होते, तो बघायला गेले. पियानो चढला. आले तर ब्रश वाळून त्याची काठी झालेली.

मामी म्हणाली, "वाजवूनच यायचंस."

गुरुवार, ७

पहिला हात वाळला की हलका काचपेपर मारायचा, मग दुसरा हात. मारला. अगदी मन लावून, चारी कडांनासुद्धा. मग दुसरा हात दिला आणि तुकडे ओळीने मांडले.

नावं कडेलाच लिहिली होती. पेन्सिलने.

शुक्रवार, ८

पाच तुकडे, पाचही बेवारशी. मामाकडे नेले. त्याने एकेक नाकाशी धरला, अंगठा फिरवला. वाटलं, आता सांगतो. तर परत माझ्या हातात – "पोरं तुझी. ओळख तूच पटव."

मामी म्हणाली, आधी नीट वाळू दे, मग बघू. वाट बघणं हे माझं काम नाही. तरी बघतेय.

रविवार, १०

स्वयंपाकाच्या ओट्यावर कोर्ट भरवलं. मामी न्यायाधीश.

नख ओढलं. एकावर पांढरी रेघ उठली – मेण. कापसाने स्पिरिट लावलं, एक चिकट झाला – चपडा. दोन पिवळट. त्यातल्या एकाच्या रेषा हाताला लागत होत्या, ते तेल. दुसरा काचेसारखा गुळगुळीत, तो वॉर्निश. उरला तो जसाच्या तसा फिकट – ते पाण्यातलं. मामीने त्याच्यावर चहाचा गरम कप ठेवला, वर मुद्दाम थोडा सांडलासुद्धा, आणि भाजी निवडत बसली. मी ओट्याकडे पाठ करून उभी.

"बघ आता," मामी म्हणाली.

काही नाही. डाग नाही, गोल नाही. आम्ही दोघींनी तो चहा अर्धा अर्धा प्यायला.

सोमवार, ११

मामाला निकाल सांगितला.

"दिसतं कसं?"

"होतं तसंच."

"चमकतं?"

"तिरकं बघितलं तर. जरासं."

"ब्रशचे फराटे? धूळ?"

अरे, तुकडा तुझ्या हातात आहे ना! पण परीक्षकाला असं बोलता येत नाही. सगळी उत्तरं नीट दिली. शेवटी म्हणाला, "लाव मग."

गुरुवार, १४

टेबलाला शेवटचा हात. खाली गल्लीत दोन रिक्षावाले कचाकचा भांडत होते, माणसं जमली होती, कुणीतरी शिट्टीही मारली. मी बघायला गेले नाही. याची कुठेतरी नोंद व्हायला हवी म्हणून इथे करतेय.

सोमवार, १८

काका-काकू आले. काकूंनी फळीवरून हात फिरवला, वाकून बघितलं, म्हणाल्या, "अजून वर काही लावायचं राहिलंय ना?"

मी म्हटलं, "लावून झालंय." मामा हसता हसता खोकायला लागला. मग काकूंनी स्वतःच पाणी मागितलं, फळीवर थोडं ओतलं, पदराने पुसलं. काका म्हणाले, "चला, उचला."

टेबल गेलं. मामाने माझी पाठ थोपटली. राहण्याचं मात्र एक अक्षर नाही. बाबांचा फोन येऊन गेला. उचलला नाही.

बुधवार, २०

मामाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि आजकालचा नव्हे. बाहेर बाकावर मामी हळूच म्हणाली, "पॉलिश त्याला दिसतच नाही गं आता. गिऱ्हाइकांना कळू द्यायचं नव्हतं. म्हणून ठरवायचं काम तुला दिलं."

येताना रस्ता ओलांडायला मामाने माझा खांदा धरला. पलीकडे पोचलो तरी सोडेना.

"राहशील का गं?" म्हणाला.

हे तर मी विचारायचं होतं.