ठणठणीत म्हणालीस म्हणून

साणंद, गुजरात

आत्याच्या पायांवर डोकं ठेवून (तू "राहू दे रं" म्हणेपर्यंत तिथंच ठेवून) ऋतिकचा नमस्कार. मी इथं खुशाल आहे. तुझी खुशाली विचारत नाही, कारण ती तू रविवारी फोनवर आपणहून सांगितलीस आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही. "मी ठणठणीत हाय. पुढच्या उन्हाळ्यात पापड डबल घालू," म्हणालीस आणि फोन ठेवलास. आत्या, मला कळायला लागल्यापासून तू कधीच ठणठणीत नव्हतीस. दर गणपतीला आरती झाली की "पुढचा गणपती काय मी बघत नाय" म्हणतेस आणि मोदक आमच्यापेक्षा जास्त खातेस. म्हणून लिहितोय. फोन तू कापतेस, पत्र कापता येत नाही. (दर्शनावहिनीनं वाचून दाखवताना मधलं गाळू नये.)

तर इथं झालं असं, की आमच्या गोडाऊनवर पुण्याच्या एक मॅडम आल्या. माणूस मागचं उगाळत बसतो की पुढचं बघतो, आणि त्यावरून त्याला स्वतःची तब्येत कशी वाटते, याचा त्या अभ्यास करतात. (असल्या कामाला पगार असतो. मी विचारून घेतलं.) मला म्हणाल्या, तब्येत कशी आहे? आता आपल्याकडं धडधाकट माणूस "उत्तम" म्हणतो का कधी? दृष्ट लागायची. मी तुझ्यासारखंच म्हणालो, "ढकलतोय." पाच वर्षांनी कुठं असाल? म्हटलं, "जगलो वाचलो तर बघू." जुनं काय आठवतं? "आठवायचं काय, गेले दिवस." मॅडमचा चेहराच उतरला. त्यांनी मला पाणी दिलं.

माझ्यामागं राकेश होता, चौक गावच्या गॅरेजवाल्या श्रीपतकाकांचा मुलगा. त्याचा सगळा जीव पुढच्या वर्षात. शिळफाट्याला स्वतःचं गॅरेज, मग दुसरं पनवेलला. तब्येत विचारली तर "एक नंबर, मॅडम," आणि हे बोलतानासुद्धा खोकत होता.

मॅडमनी माझी उत्तरं वर कळवली, आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं माझी फोर्कलिफ्ट काढून घेतली. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, आणि एका हळू बोलणाऱ्या डॉक्टरांनी मला आशा ठेवायला शिकवलं. मी लगेच ठेवतो म्हणालो, कारण जेवणाची सुट्टी संपत आली होती. फोर्कलिफ्ट मिळाली राकेशला. त्यानं खोकता खोकता ती खोक्यांच्या ढिगात घातली. मग त्याच्याही छातीचा फोटो निघाला. आता औषधं घेऊन पडलाय आणि पडल्या पडल्या म्हणतो, "ऋत्या, पुढच्या महिन्यात जिम लावू."

माझं सगळं स्वच्छ निघालं. मी मॅडमना गाठून सांगितलं, की आमच्याकडं कुरकुर ऐकू येतेय म्हणजे माणूस मजेत आहे, तुमची मोजपट्टी आमच्या बाजूला उलटी धरावी लागेल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुमच्याकडं खरा आजारी माणूस काय म्हणतो?" उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तुझे मालक, येसाजीमामा आठवले. ते शेवटच्या महिन्यात खाटेवरून रोज तुला सांगायचे, "मला काय झालंय? पुढच्या साली भाताच्या लावणीला मीच उतरणार." तू मान हलवायचीस आणि चुलीकडं जाऊन बसायचीस.

मला काळजी वगैरे काही नाही. सहज आठवलं म्हणून कळवलं. राकेशचा खोकत नमस्कार.

तुझा ऋतिक

ता.क. दर्शनावहिनीला फोन केला होता. ती म्हणाली, "आत्या एकटीच कर्जतला डॉक्टरकडं जाऊन आल्या. मला काय पत्ता लागू देत नायत रं."

ता.क. दुसरा. सुट्टी मिळाली. (इथल्या त्या हळू बोलणाऱ्या डॉक्टरांनीच लिहून दिलं, या मुलाला घरच्यांची गरज आहे. कधी नव्हे ते माझं बोलणं कामी आलं.) हे पत्र पोस्टात टाकत नाही, सोबत घेऊन येतोय आणि मीच वाचून दाखवणार. दारात मला बघून तू नेहमीसारखी "मेले रं बाबा" म्हणालीस, तर मी निवांत हातपाय धुऊन जेवायला बसेन. आणि "ठणठणीत हाय" म्हणालीस, तर चप्पल न काढता तुला रिक्षात घालीन आणि कर्जतच्या त्या डॉक्टरसमोर नेऊन बसवीन. रिक्षा दारात उभीच ठेवणार आहे.